तिच्यादेखत, मराठीत

१२ जाने.
मकरंद सकाळी नोएडाहून आला, दर पंधरवड्याला येतो तसा मळक्या कपड्यांची बॅग घेऊन. या खेपेला कामही घेऊन आला. त्याच्या कंपनीत कानात घालायचं यंत्र बनवतायत. समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, आपल्या कानात हिंदी. ऑफिसात सगळे त्याला 'सीपी', म्हणजे शिंपला, म्हणतात. लहानपणी रविवारी टीव्हीवर एक अंतराळाची मालिका लागायची, त्यातले यानावरचे लोक कानात शिंपला घालून परग्रहावर बोलायला उतरायचे, म्हणून. म्हणतो टीममधले निम्मे ती मालिका बघून इंजिनिअर झाले, साहेबसुद्धा. मला चांगली आठवते. हिरवे, निळे, शिंगवाले, सगळे लखनौचं हिंदी फाडायचे. मी ओरडायचे, बंद कर, डोळे फुटतील. आता त्याचाच पगार खातोय.

"आई, वो तो लिखने वालों की सुविधा थी. दर ग्रहाची भाषा कोण लिहील? म्हणून सीपी. भिंतीएवढा फोन पण त्यातच होता, आपोआप उघडणारे दरवाजे पण. सगळं आलं. हेच राहिलं होतं."

तर त्याला माझा आवाज हवाय. पुण्याची मराठी यंत्राला येते, आमच्यासारख्यांची नाही. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेली, मध्येच 'जी' लावणारी, भांड्यांना अजून तसराळं-ओगराळं म्हणणारी. रोज फोनमध्ये थोडं बोलायचं, काहीही. नंतर वाक्यं सुटी करून कालवून टाकतात, कोण बोललं ते कळत नाही म्हणे.

हो म्हटलं. या घरात माझ्यानंतर धड मराठी बोलणारं आहे कोण? म. ला समजतं, बोलतो मोडकं. सून इथल्याच गरौठ्याची, बुंदेली घरातली, तिला ओ की ठो कळत नाही. जूनमध्ये नातवंड येईल ते मात्र माझ्यापाशी वाढणार, इथे, या घरात. म. अधूनमधून नोएडाला फ्लॅट बघायचं बोलतो. मी ऐकू न आल्यासारखं करते.

१५ जाने.
बोलले आज अर्धा-पाऊण तास. हे गेल्यापासून इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मजा वाटली.

सूनबाई, रश्मि, समोरच बसून मटार सोलत होती. मागच्या वर्षी पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी या खेपेला शाळा बंद केलीय. इंटर कॉलेजात हिंदी शिकवते. आता दिवसभर दिवाण आणि मोबाइल. मी फोनमध्ये तिच्याबद्दलच बोलले. एका शेंगेला किती वेळ लावते, आणि त्या हातात दाणे जास्तच हिरवे कसे दिसतात, वगैरे. तिने वर बघून हसून विचारलं, "मम्मी जी, चाय?" म्हटलं, "हाँ बेटा, रख दो।" हिंदीत मी फार प्रेमळ आहे.

२६ जाने.
शैलाचा फोन. ही माझी नणंद, ग्वाल्हेरला असते, रोज एकदा बोलल्याशिवाय दोघींना जेवण जात नाही. फोन स्पीकरवर, रेकॉर्डिंगही चालू ठेवलं. म. म्हणालाय दोघींचं बोलणं असेल तर उत्तमच. रश्मि माझ्या पायाला तेल लावत होती.

आमच्या घरांतली रीतच ही. दूधवाल्यादेखत, शिंप्यादेखत, भाडेकरूदेखत बिनधास्त मराठी. सासूबाई तर लग्नाच्या मांडवात, व्याह्यांच्या तोंडावर हसत हसत व्याह्यांना नावं ठेवायच्या. फक्त सदर बाजारात जपावं लागतं. तिकडे छावणीतल्या मराठी फौजींच्या बायका भाजी घेत असतात. एकदा एक साताऱ्याची वळून म्हणाली, "जाडी कुणाला म्हणालात?" तेव्हापासून तिकडे मी आणि शैला हिंदीत कुजबुजतो.

शैलाने विचारलं, कशी आहे गं ही? म्हटलं, आहे की, तब्येतीला काय धाड भरलीय. म्हटलं, पहिलं गेलं ते बरंच झालं. तिच्या आईवर गेलं असतं. हे तरी मकरंदवर जावं. शैला खूप हसली. म. दारात उभा होता, ऐकून आत गेला. कधी मध्ये पडत नाही, तेवढा गुणी आहे.

तेलाला हात चांगला आहे तिचा, तेवढं कबूल.

९ फेब्रु.
म. ने यंत्र आणलं. एवढंसं, कानात बसणारं. त्याने घातलं आणि म्हणाला, बोल. मी म्हटलं, "मेली जन्माची आळशी." त्याच्या फोनवर उमटलं, 'वे थोड़ी सुस्त स्वभाव की हैं।' पोट धरून हसले. यंत्र फार सुसंस्कृत आहे. म. म्हणतो हीच अडचण, सगळं गुळमुळीत करतं. म्हणून एक माणूस बसवलाय, तो हिंदी तपासून जिथल्या तिथे करतो. म्हटलं, कोण? "है एक. हिंदी अच्छी है."

मग मालिकेचं पुराण. दर भागात म्हणे हेच व्हायचं. दोन ग्रहांची लढाई, शिंपले कानात, एकमेकांचं बोलणं कळलं की तोफा खाली. लहानपणी त्याला वाटायचं की जगातली सगळी भांडणं न कळल्यामुळे आहेत. अजून वाटतं. म्हटलं, त्या ग्रहांवर सासवा नव्हत्या.

तोही हसला. रश्मि आतून म्हणाली, "क्या हुआ, हमें भी बताइए।" "कुछ नहीं बेटा, टीवी की बात।"

२८ फेब्रु.
रश्मि हल्ली फार गोड वागते. काल कढी माझ्या पद्धतीने केली, आज माझी औषधं डबीत लावून ठेवली. काहीतरी हवं असणार. शैलालाही तसंच वाटतं. म्हणते, नोएडाचा फ्लॅट.

दुपारभर लॅपटॉप मांडीवर, कानात इअरफोन. विचारलं तर "कॉपियाँ जाँच रही हूँ, मम्मी जी।" रजेवर कसल्या वह्या? असेल काही. थोड्या वेळाने इअरफोन काढून विचारते, "मम्मी जी, ये 'अवदसा' क्या होता है?" दचकलेच. म्हटलं, देवीचं नाव आहे. "अच्छा," म्हणाली, आणि परत खाली बघून लिहायला लागली. शैलाच्या फोनवर कानावर पडलं असेल. जरा हळू बोलायला हवं.

१० मार्च
फोनमध्ये बोलणं सुरूच. आज म. च्या बारशाचं सांगितलं, आमच्या लग्नाचं सांगितलं. मग गाडी आपोआप हिच्यावर घसरते, मी तरी काय करू. दिवसभर समोर तीच असते.

पाळणा काढला. म. म्हणाला, इतनी जल्दी? म्हटलं, पॉलिश करायचंय. खरं म्हणजे मला बघायचा होता.

२३ मार्च
लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

डोहाळजेवण होतं. आपल्या चार मराठी घरच्या बायका, शैला ग्वाल्हेरहून, गरौठ्याहून रश्मिची आई आणि काकू. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं मी केलं, काही कमी केलं नाही. ओटी भरून झाली. शैला पानं वाढता वाढता म्हणाली, "वहिनी, हिरवं कशाला नेसवलंस, अजूनच काळी दिसते." नेहमीच्याच आवाजात. आपल्या बायका पदरात हसल्या. मीही हसले.

रश्मिने हातातली वाटी खाली ठेवली. म्हणाली, "बुआ जी, 'काळी' तो हल्का है। मम्मी जी ज़्यादातर 'कोळसा' कहती हैं। मशीन ने 'साँवली' लिखा था, मैंने काटकर ठीक किया।"

मला काही क्षण कळलंच नाही ती काय बोलतेय. मग वर्गात धडा वाचावा तसं एकेक वाक्य. शुद्ध हिंदी, स्वच्छ उच्चार. "इसकी माँ के घर में बर्तन कम और ज़बानें ज़्यादा हैं।" "यह अवदसा मेरे ही बेटे के पल्ले पड़नी थी।" आणि माझ्याकडे बघून, "देवी का नाम नहीं है, मम्मी जी। मैंने पता कर लिया।" माझं एकेक वाक्य होतं. मधलं एकही चुकलं नाही.

शैला ओगराळं धरून उभी. मग रश्मि आपल्या आईकडे वळली. "और अम्मा, ये सुनो। 'पहला गया, अच्छा ही हुआ।' मशीन ने लिखा था, पहले का जाना दुखद था। मैंने 'दुखद' काट दिया।"

तिची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "समधन, जा बात तुमने कई हती?" हे तुम्ही म्हणालात का, असं विचारत होती; बुंदेली मला चांगली कळते.

रश्मि हिरव्या साडीत, फुलांसकट गाडीत बसली. म. मागे धावला, रश्मि, सुनो तो, रश्मि. काच खाली करून तिने माझ्याकडे बोट केलं आणि त्याला म्हणाली, "इनसे तो मुझे मशीन ने मिलवाया। आपको तो मशीन नहीं चाहिए थी। तीन साल से समझ रहे थे।" गाडी गेली. म. तिथेच उभा.

आपल्या बायका न जेवता गेल्या. ज्या पदरात हसत होत्या त्याच. जाताना एकीने मला सांगितलं की असं बोलू नये.

२४ मार्च
म. ला समोर बसवून विचारलं. तपासणारा माणूस म्हणजे रश्मिच. "घर पे बोर हो रही थी, हिंदी अच्छी है. अडलेला शब्द कोशात बघायची. मला वाटलं तू भाजीपाला बोलत असशील. फाइलें मैंने खोली ही नहीं." म्हटलं, मला का नाही सांगितलंस? "तू लाजली असतीस, नॅचरल बोलली नसतीस."

मी म्हटलं, आईला विकलंस. तुझ्या त्या शिंपल्यासाठी आईची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. बरंच बोलले. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आई, तू सगळं तिच्यासमोरच बोलायचीस."

समोर बोलायचे, पण मराठीत बोलायचे. यात काय फरक आहे ते याला कसं समजवायचं? ती भाषा तिच्यासाठी नव्हतीच. घराला दार असतं, तसं होतं ते. मी दार लावून बोलत होते, यानेच आतून कडी काढून दिली.

आणि तीही काय कमी? महिनाभर सगळं ऐकून मला चहा देत होती. औषधं डबीत लावत होती. एकेक शब्द घासून घासून धारदार करत होती, आणि नेमका दिवस कुठला काढला! मीच शिकवलं असं म्हणायचं का आता?

६ एप्रिल
म. दर रविवारी थेट गरौठ्याला जातो, झाशीला उतरून बस पकडून. त्याला बाहेरच्या खोलीत झोपवतात. रश्मि बोलत नाही त्याच्याशी. तिची आई जेवायला वाढते आणि ताट उचलेपर्यंत समोर बसून राहते, गप्प. परतताना घरी टेकतो, चेहरा उतरलाय त्याचा. बरं झालं, असं वाटलं. पण शेवटी माझंच पोर ते.

शैला म्हणते, येईल परत, पोट घेऊन जाणार कुठे.

११ मे
उन्हाने सगळं भाजून निघतंय. दिवसभर खिडक्या बंद. घरात आवाज म्हणजे कूलरचा. म. ने सांगितलं की यंत्र चांगलं चाललंय, साहेब खूश आहेत. झाशीची मराठी आता पुण्याच्या मराठीपेक्षा बरी पकडतं म्हणे, मुख्य म्हणजे टोमणे पकडतं. साहेबांनी त्यांच्या भाषणात ती मालिका सांगितली, लहान मुलांचं स्वप्न कसं खरं होतं ते सांगितलं, टाळ्या पडल्या. हे सांगताना म. ने माझ्याकडे बघितलं नाही. मीही वरणाला फोडणी देत राहिले.

पाळण्याचं पॉलिश वाळून महिना झाला.

१४ जून
मुलगी झाली. पहाटे म. चा फोन. दोघी सुखरूप. रडत होता. मी देवापुढे साखर ठेवली. मग स्वयंपाकघरात पाटावर बसून मीही रडले, मोठ्याने. ऐकायला कोणी नव्हतं.

कुणासारखी दिसते ते विचारायचं होतं. विचारलं नाही.

१७ जून
आज तिकडून व्हिडिओ कॉल. रश्मिनेच लावला. मांडीवर बाळ. काळीसावळी आहे, नाक आमच्या ह्यांचं. माझे डोळे भरून आले.

मागे तिची आई, काकू, आणखी दोघी. टेबलावर दुसरा फोन उभा करून ठेवलेला. रश्मि म्हणाली, "मम्मी जी, पोती से बात कीजिए। मराठी में कीजिए। सीपी चालू है, सब सुन रहे हैं।"

मी, जिचं तोंड कधी बंद नसतं, त्या पोरीकडे बघत बसले. सगळ्या वाट बघतायत. शेवटी म्हटलं, "बाळ, मी आजी." पलीकडून फोनमधला पुरुषी आवाज म्हणाला, 'बच्चे, मैं दादी हूँ।' एवढंच. तिची काकू हसली, कुत्सित नव्हे, पण हसली.

मग रश्मिने सांगून टाकलं. चिडून नाही, टाइमटेबल सांगावं तसं. सव्वा महिन्यानंतर ती झाशीला येईल, बाळ घेऊन. शाळा सुरू झाली की बाळ दिवसा माझ्यापाशी राहील. "आपने चाहा था, वैसा ही।" पण घरात यंत्र चालू राहील. सकाळी उठल्यापासून रात्री दिवे बंद होईपर्यंत, मोठ्या आवाजात. शैलाचा फोन असो, आपल्या बायका येवोत. "जो कहना है, कहिए। कोसना है तो कोसिए। मराठी ही बोलिए, मैं चाहती हूँ बच्ची सीखे। बस, इस घर में आपकी कोई बात अब ऐसी नहीं होगी जो मैं न सुनूँ।" नाहीतर बाळ गरौठ्यात वाढेल. नोएडाही नाही. म. तिच्यामागे उभा होता, मान खाली.

तिची आई म्हणाली, "सोच कें बतइयो, समधन।"

१८ जून
रागाने डोकं फुटायची वेळ आलीय. माझ्याच घरात माझ्यावर पहारा? पाहुण्यासारखं शब्द मोजून बोलू? मेलं ते यंत्र, मेली ती मालिका. परग्रहावरच्या हिरव्या माणसांचं बरं होतं, यानातले लोक दोन वाक्यं बोलून आपल्या वाटेने निघून जायचे. रोज सकाळी एकाच ओट्यावर चहा करायला उभं राहायचं नव्हतं त्यांना.

नाही म्हणून सांगते.

१९ जून
अजून सांगितलं नाही. रिकाम्या पाळण्याशी बसून बोलून बघितलं. लाडाचं काही. "अले माझी बेटा," आणि पुढचं सगळं हिंदीत आलं. म. लहान असताना मी त्याच्याशी काय बोलत होते? काहीतरी बोलत असणारच की. आठवेना. सासूबाईंच्या शिव्या सगळ्या आठवल्या, एकूण एक.

२० जून
म. सकाळी आला. बाळाची दुपटी, काजळाची डबी, डिंक वगैरे घ्यायला. दुपारच्या बसने परत गरौठ्याला. जाताना उत्तर न्यायचंय.

त्याला म्हटलं, ते यंत्र लाव टेबलावर. मोठ्या आवाजात. त्याने मुकाट्याने लावलं. मग शैलाला फोन केला. स्पीकरवर.

शैला म्हणाली, काय गं, काय ठरवलंस? यंत्र बोललं, 'कैसी हो, क्या तय किया?' शैला म्हणाली, तिकडे कोण आहे? म्हटलं, कोणी नाही, तू बोल. ती म्हणाली, ऊन फार आहे. मी म्हटलं, इथेही. गुडघे कसे आहेत? आहेत. भाजीत हल्ली काही मिळत नाही. नाही मिळत. प्रत्येक वाक्यामागे यंत्रातला तो पुरुष तेच हिंदीत सांगत होता, आणि ऐकताना कळत होतं की यात सांगण्यासारखं काही नाही. इतकी वर्षं आम्ही रोज तास-तासभर बोलतोय. शेजारणींची, विहिणींची, सुनेची नावं वगळली तर आमच्याकडे ऊन आणि गुडघे.

मला भीती वाटली. खरंच वाटली. बाळ आलं आणि मी अशीच तोंडाला कुलूप लावून बसले तर तिला शिकवणार काय?

शैला म्हणाली, "वहिनी, ते बंद कर ना. मग बोलू नीट." यंत्राने तेही सांगितलं.

म. बॅग खांद्याला लावून दारात उभा होता. बस चुकेल म्हणाला. "आई, काय सांगू तिला?"

शैला फोनवर तशीच. यंत्र मी बंद केलं नाही. म. ला म्हटलं, थांब जरा.